युवक कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी गोव्यात सामाईक संग्रह हवा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय युवा दिनाच्या, म्हणजे १२ जानेवारीच्या, आगेमागे गोव्यात युवकांसाठीच्या कार्यक्रमांना जोर येतो. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, व्यसनमुक्तीची व्याख्याने, रोजगार मार्गदर्शन, नेतृत्व प्रशिक्षण, वाड्यावाड्यांवरच्या युवक मंडळांचे उपक्रम यांच्या बातम्या आपल्या दैनिकात जागोजागी दिसतात. उद्घाटन कोणी केले, व्यासपीठावर कोण होते आणि किती युवकांनी लाभ घेतला, हे त्यांत असते. त्या शिबिरातून युवकांना जे मिळाले त्यातले सहा महिन्यांनी काय उरले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. यात बातमीदारांचा दोष नाही, कारण ही माहिती बहुतेक वेळा खुद्द आयोजकांकडेच नसते. ती का नसते आणि ती मिळवण्यासाठी गोव्यात कोणती साधने उभी करता येतील, याविषयी हे पत्र आहे.

उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवत असताना मी काही काळ राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणून त्याच योजनेपासून सुरुवात करतो. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झालेली ही योजना आज देशभर पसरली आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यायचा, असा तिचा नियम आहे. या तासांची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते, आणि ती ठेवलीच पाहिजे. पण समाजसेवेतून विद्यार्थ्याचे व्यक्तिमत्त्व घडवणे हा योजनेचा घोषित हेतू आहे, आणि वार्षिक अहवालात जातात ते लावलेल्या रोपांचे, जमा झालेल्या रक्तपिशव्यांचे आणि हजर स्वयंसेवकांचे आकडे. ज्या हेतूसाठी दोन वर्षे खर्ची पडली, तो साधला की नाही हे तपासणारी एकही ओळ त्या तक्त्यात नसते. कार्यक्रम अधिकाऱ्याला ते तपासायचे असले, तरी कोणती प्रश्नावली वापरावी आणि ती कुठे मिळेल हे सांगणारे त्याला कोणी नसते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आपण अभिप्राय अर्ज भरून घेतो, हे खरे आहे. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : प्रशिक्षण आवडले का, त्यातून काही शिकले का, शिकलेले वागण्यात उतरले का, आणि त्या वागण्याने परिस्थिती काही बदलली का. आपला अभिप्राय अर्ज पहिल्याच पायरीवर थांबतो. निरोपाचे गाणे नुकतेच संपले आहे, नव्या मैत्रीची ऊब अजून टिकून आहे, अशा वेळी भरलेला अर्ज चांगलाच येणार. त्यावरून शिबिराचे जेवण सुधारता येते आणि वक्ते बदलता येतात, पण युवकाच्या जीवनात काही फरक पडला असे म्हणता येत नाही.

आवडणे आणि उपयोगी पडणे यांतले अंतर किती मोठे असू शकते, हे एका जुन्या प्रयोगातून कळते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्प सुरू झाला. गरीब वस्त्यांतील मुलांनी गुन्हेगारीकडे वळू नये, या हेतूने आखलेला हा प्रकल्प होता. वय, घरची स्थिती आणि स्वभाव पाहून सारख्या मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि नाणे उडवून प्रत्येक जोडीतील एकाला मदत देण्याचे ठरले. शेवटपर्यंत हिशेबात राहिलेली मुले ५०६ होती. ज्यांना मदत मिळाली त्यांच्या घरी समुपदेशक वर्षानुवर्षे जात राहिले; त्यांना शिकवणी, वैद्यकीय उपचार आणि उन्हाळी शिबिरे मिळाली. सुमारे तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने या मुलांचा, म्हणजे तोवर प्रौढ झालेल्या पुरुषांचा, माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी त्या प्रकल्पाने आपले भले झाले असे मनापासून सांगितले. पण न्यायालयाच्या, रुग्णालयांच्या आणि मृत्यूच्या नोंदी तुलनागटाशी, म्हणजे जोडीतील मदत न मिळालेल्यांशी, ताडून पाहिल्या, तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती काही बाबतींत अधिक वाईट असल्याचे दिसले. मॅककॉर्ड यांनी हे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रकल्प आखणाऱ्यांच्या कळकळीबद्दल कोणालाही शंका नव्हती. तुलनेसाठी दुसरा गट राखलेला नसता, तर त्या पुरुषांच्या कृतज्ञ शब्दांवरून हा प्रकल्प यशस्वी म्हणून गौरवला गेला असता आणि इतरत्र तसाच राबवला गेला असता.

हे सगळे परदेशातले आहे, आपल्याकडे असे कोण करणार, असे कोणी म्हणेल. उत्तर आपल्या गोव्यातच आहे. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने ‘युवा मित्र’ या नावाने गोव्यातील ग्रामीण आणि शहरी वस्त्यांमध्ये युवकांच्या आरोग्यासाठी उपक्रम राबवला, त्याच्या आधी आणि नंतर पाहणी केली, तुलनेसाठी वेगळ्या वस्त्या निवडल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे याच संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७५ शाळांत ‘सेहेर’ हा मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने शाळांचे तीन गट पाडले होते. एका गटात शाळेतील वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या पण व्यावसायिक पदवी नसलेल्या समुपदेशकाने चालवला. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकाने चालवला. तिसऱ्या गटात सरकारचा नेहमीचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम तेवढाच चालू राहिला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण लक्षणीय सुधारले आणि मुलांमधील नैराश्य, दादागिरी व हिंसा कमी झाली. शिक्षकाने चालवलेल्या कार्यक्रमाचा मात्र तिसऱ्या गटाच्या तुलनेत काही परिणाम आढळला नाही.

संपादक महोदय, या एका निष्कर्षावर गोव्यातील प्रत्येक शिक्षणसंस्थेने थांबून विचार करावा, असे मला वाटते. कार्यक्रम तोच होता, फरक फक्त चालवणाऱ्याचा होता. आपल्याकडे व्यसनमुक्ती असो, रस्ता सुरक्षा असो, जीवनकौशल्ये असोत की मानसिक आरोग्य असो, नवा उपक्रम आला की तो कोणत्या तरी शिक्षकाच्या अंगावर टाकला जातो. आधीच तासिका, परीक्षा, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे ओझे वाहणाऱ्या त्या शिक्षकाने तो कार्यक्रम उरकला, तर त्याला बोल लावणे अन्यायाचे आहे. पण असा उरकलेला कार्यक्रम कागदोपत्री पूर्ण झालेला दिसतो, आणि तो करण्यासारखा होता का हा प्रश्न कोणाला पडत नाही. बिहारमध्ये मोजणी झाली म्हणून हे कळले. गोव्यात काय घडते हे गोव्यात मोजल्याशिवाय कळणार नाही.

येथे मोजणी करताना गोव्याच्या काही खास अडचणी आहेत, आणि दुसऱ्या राज्यातील पुस्तिका जशीच्या तशी आणून त्या सुटणाऱ्या नाहीत. पहिली अडचण पर्यटन हंगामाची. ऑगस्टमध्ये, भर पावसात, एखाद्या कौशल्य प्रशिक्षणाची बेसलाईन, म्हणजे सुरुवातीची मोजणी, घेतली आणि डिसेंबरमध्ये पुन्हा विचारले की किती जणांना काम मिळाले, तर आकडा वाढलेलाच दिसेल. प्रशिक्षण झाले नसते तरी किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी आणि शॅकवाल्यांनी त्यातल्या अनेकांना कामावर घेतलेच असते. म्हणून अशा कार्यक्रमाची तुलना ऑगस्टची ऑगस्टशीच व्हायला हवी, आणि शेजारी त्याच भागातले, प्रशिक्षण न घेतलेले युवकही हवेत. दुसरी अडचण खाणपट्ट्याची. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यानंतर २०१८ च्या मार्चपासून पुन्हा थांबल्या. त्या वर्षांत डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांत घेतलेल्या कोणत्याही रोजगारविषयक कार्यक्रमाचे यशापयश खाणीच्या उघडझापीपासून वेगळे काढल्याशिवाय सांगताच येणार नाही.

तिसरी अडचण स्थलांतराची आहे आणि ती मला सर्वांत अवघड वाटते. वर्ष-दोन वर्षांनी युवकांना पुन्हा शोधायला जावे तर कोणी जहाजावर, कोणी आखातात, कोणी पोर्तुगीज पारपत्रावर युरोपात गेलेला असतो. जे सापडतात ते गावात राहिलेले असतात आणि निष्कर्ष केवळ त्यांच्यावर बेततो. गेलेले युवक अधिक धडपडे असतील तर कार्यक्रम आहे त्यापेक्षा फिका दिसेल. इथे काहीच जमले नाही म्हणून ते गेले असतील तर तो आहे त्यापेक्षा उजळ दिसेल. नावनोंदणीच्या वेळीच घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक संमतीने लिहून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे, पण तो आधी सुचायला हवा. याशिवाय शिबिराला स्वतःहून येणारी मुले आधीच उत्साही असतात, ही सगळीकडची अडचण आपल्याकडेही आहेच.

तुलनागट ठेवायचा म्हणजे काही युवकांना लाभापासून वंचित ठेवायचे, अशी शंका अनेक जण प्रामाणिकपणे घेतात. गोव्यासारख्या १२ तालुक्यांच्या आणि १९१ पंचायतींच्या राज्यात या शंकेचे उत्तर सोपे आहे. कोणताही कार्यक्रम सर्व पंचायतींत एकाच वर्षी पोचत नाही. पहिल्या वर्षी कोणत्या पंचायती घ्यायच्या हे शिफारशीवर न ठरवता सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर उरलेल्या पंचायती वर्षभर आपोआप तुलनेसाठी उपलब्ध होतात आणि पुढच्या वर्षी त्यांनाही कार्यक्रम मिळतो. कोणावर अन्याय होत नाही, उलट निवड अधिक निष्पक्ष होते.

आता प्रश्नावलीकडे वळतो. ‘तुमचा आत्मविश्वास वाढला का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ असेच येते, कारण विचारणाऱ्याला काय ऐकायचे आहे हे सोळा वर्षांच्या मुलाला नेमके कळते. हरयाणातील ३१४ सरकारी शाळांत मुलामुलींच्या समानतेविषयीच्या एका वर्गोपक्रमाचे मूल्यमापन झाले, तेव्हा संशोधकांनी विद्यार्थ्यांची अशी शिष्टसंमत उत्तरे देण्याची प्रवृत्तीही वेगळ्या प्रश्नांनी मोजली होती. एवढी तयारी प्रत्येकाला जमणार नाही, पण गेल्या तीन महिन्यांत ग्रामसभेला गेलात का, तिथे काही विचारलेत का, घरातले कोणते काम तुम्ही स्वतः करता, असे घडलेल्या कृतीविषयीचे प्रश्न विचारणे कोणालाही जमेल. भावनिक अडचणी मोजण्यासाठी रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ मध्ये मांडलेली २५ विधानांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. अशी पारखलेली साधने हाताशी असताना प्रत्येक आयोजकाने आदल्या रात्री स्वतःचे प्रश्न रचण्याचे कारण नाही.

भाषेची काळजी मात्र गोव्यात दुप्पट घ्यावी लागेल. पेडण्यातला मुलगा मराठी वाचतो, सासष्टीतल्या मुलीला रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोकणी जवळची वाटते, वास्कोतल्या वस्तीत घरी कन्नड किंवा हिंदी बोलली जाते, आणि शाळेचे माध्यम इंग्रजी असते. भाषांतर करून, दुसऱ्याकडून ते उलट मूळ भाषेत आणून, मग दहा-पंधरा मुलांसमोर मोठ्याने वाचून अर्थ तोच पोचतो का हे पाहणे, ही पद्धत सर्वमान्य आहे, पण ती वेळखाऊ आहे. एका युवक मंडळाला ती परवडणार नाही. एकदा कोणीतरी ती केली आणि तयार झालेली प्रश्नावली सर्वांसाठी खुली ठेवली, तर सगळ्या गोव्याला ती वापरता येईल.

माझी मुख्य मागणी हीच आहे. गोव्यात मूल्यमापनाच्या साधनांचा एक खुला संग्रह असावा. मराठीत आणि कोकणीच्या देवनागरी व रोमी या दोन्ही लिप्यांत पारखलेल्या प्रश्नावल्या, निरीक्षणाचे तक्ते, संमतीपत्रांचे नमुने, पाहणीसाठी नमुना म्हणून कोणाला निवडावे हे सांगणारी छोटी पुस्तिका आणि आजवर झालेल्या कार्यक्रमांचे मूल्यमापन अहवाल, हे सारे त्यात असावे. यासाठी नवे महामंडळ नको आणि नवी इमारतही नको. राज्य सरकारचे नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालय अस्तित्वात आहे आणि हे काम त्याच्या कक्षेतले आहे. गोवा विद्यापीठात डी. डी. कोसंबी यांच्या नावाची सामाजिक शास्त्रांची विद्याशाखा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना विषय हवेच असतात. आणि संग्रह ठेवण्यासाठी पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाइतकी योग्य जागा नाही. १८३२ पासूनची परंपरा असलेल्या या ग्रंथालयात कोणीही जाऊन बसू शकतो, आणि गावातल्या युवक मंडळाच्या सचिवाला विद्यापीठाच्या दारापेक्षा ते दार सोपे वाटेल.

अशा कामाला देशात आधार आहे. केंद्रात १९५२ पासून कार्यक्रम मूल्यमापन संघटना होती आणि २०१५ मध्ये तिच्यातून नीती आयोगाचे विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालय आले. शेजारच्या कर्नाटकात वेगळे मूल्यमापन प्राधिकरण आहे आणि त्याचे अहवाल लोकांना पाहता येतात. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे युवक विकासासाठीच वाहिलेली, १९९३ मध्ये स्थापन झालेली राजीव गांधी राष्ट्रीय संस्था आहे. तिने राज्यनिहाय युवा विकास निर्देशांक काढले आहेत. ते राज्यांची तुलना करण्यासाठी उपयोगी आहेत, काणकोणच्या एका शिबिराने काय साधले हे त्यांतून कळणार नाही. वयाच्या व्याख्येचाही घोळ आहे : २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवक म्हणजे १३ ते ३५ वर्षांची व्यक्ती होती, २०१४ च्या धोरणात ती १५ ते २९ वर्षांची झाली. गोव्याच्या संग्रहाने एक व्याख्या ठरवून ती सर्वत्र वापरावी, नाहीतर दोन अहवाल शेजारी ठेवून काहीच कळणार नाही.

मुलांकडून माहिती घेताना जबाबदारीही येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाची स्वतःची मान्यताही घ्यावी लागते, आणि २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. दारूविषयीच्या प्रश्नाचे उत्तर वर्गशिक्षकाच्या हाती पडणार असेल तर ते उत्तर खरे येणार नाही, आणि खरे आले तर मुलाचे नुकसान होऊ शकते. छोट्या गोव्यात गावाचे नाव, वय आणि घराण्याचा व्यवसाय एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, हे अहवाल लिहिणाऱ्याने कधीही विसरता कामा नये.

आणि युवकांना केवळ उत्तरे देणारे म्हणून बसवू नये. रॉजर हार्ट या अभ्यासकांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. एकसारखे टीशर्ट घालून सभागृहाच्या खुर्च्या भरणारे आपले विद्यार्थी त्या खालच्या पायऱ्यांवर आहेत. काय मोजायचे हे ठरवण्याच्या बैठकीत दोन-चार युवक बसले, तर आम्हा वडीलधाऱ्यांना न सुचणारे प्रश्न ते पहिल्या तासात सुचवतील.

कार्यक्रमाच्या खर्चाचे पाच ते दहा टक्के मूल्यमापनासाठी ठेवावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. हा पैसा मंडप आणि स्मृतिचिन्हे यांतून सहज निघू शकेल. खरी अडचण पैशाची नसून भीतीची आहे, असे माझे मत आहे. अहवाल वाईट आला तर अनुदान बंद होईल, असे आयोजकाला वाटते आणि ते वाटणे निराधार नाही. म्हणून अनुदान देणाऱ्या खात्यांनी लेखी सांगावे की प्रामाणिक मूल्यमापन करून अपयश नोंदवणाऱ्या संस्थेला दुरुस्तीसाठी आणखी एक वर्ष मिळेल आणि मूल्यमापन न करणाऱ्या संस्थेला मिळणार नाही. सरकारकडे पडून असलेले जुने अहवालही खुले करावेत. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार स्वतःहून माहिती प्रसिद्ध करणे हे खात्यांचे कर्तव्यच आहे.

महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची नवी नोंदणी शैक्षणिक वर्षाच्या आरंभी होते. त्याच आठवड्यात, पहिला तास भरण्यापूर्वी, प्रत्येक नव्या स्वयंसेवकाकडून एक छोटी प्रश्नावली भरून घेतली आणि दोन वर्षांनी तीच पुन्हा भरून घेतली, तर गोव्याकडे स्वतःची पहिली सलग नोंद तयार होईल. शेजारी त्याच वर्गातील, योजनेत नसलेल्या तितक्याच विद्यार्थ्यांना तेच प्रश्न विचारावेत. मराठी आणि कोकणीतील ती प्रश्नावली पावसाळ्यापूर्वी तयार करण्यासाठी वर उल्लेखिलेल्या संचालनालयाने विद्यापीठ आणि मध्यवर्ती ग्रंथालय यांची बैठक मार्चपर्यंत बोलवावी, अशी आपल्या दैनिकामार्फत मी विनंती करतो. ज्या संस्थांकडे अशा प्रश्नावल्या किंवा अहवाल आधीच आहेत, त्यांनी त्यांची एक प्रत त्या बैठकीसाठी द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली